ताईचा प्रश्न आणि बंद पडलेला जीन

माझी भाची एसएस पॅटर्नची आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा, लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, जीन आलेली. आमच्या गडचिरोलीकडे एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. रोवणीच्या दिवसात पोरगी पावसात भिजली की रात्री गुडघे असे दुखतात की चोळायलाही हात लावू देत नाही, ताई नुसती तिचे पाय मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसून राहते.

ताईचा प्रश्न एकच. "जन्मली तवा त बेस होती ना, मंग सहा महिन्यानं काहून सुरू झालं?" आजी म्हणायची नजर लागली. नजर नाही हो.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, गॅमा ग्लोबिनवालं, आणि सिकलसेलची चूक आहे बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद पडतो, बीटा जोरात चालू होतो आणि मग दुखणं सुरू. पण गॅमाचा जीन कुठंच जात नाही, ११ नंबरच्या क्रोमोसोमवर बीटाच्या शेजारीच असतो जन्मभर, फक्त वाचला जात नाही. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरा विचारच करू शकलो नाही.

गॅमाला दाबून ठेवतं मुख्यतः बीसीएल११ए नावाचं प्रोटीन, २००८ मध्ये विजय संकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमनं हे दाखवलं. ते गॅमा सुरू होण्याच्या साधारण ११५ अक्षरं आधी डीएनएवर बसतं, आणि तिथंच लागून एनएफ-वाय नावाच्या प्रोटीनला बसायचं असतं जीन चालू करायला, त्याला मग जागाच मिळत नाही. वरून बीसीएल११ए एनयूआरडी नावाची प्रोटीनांची अख्खी टोळी बोलावतं आणि ती तिथला डीएनए आवळून ठेवते. बीटाकडे उलट काम चालतं, जीएटीए१ आणि टीएएल१ नावाची प्रोटीनं डीएनए धरतात, त्यांना चिकटलेले एलडीबी१ एकमेकांना धरतात आणि लांबचा डीएनए दोरीसारखा वाकवून बीटाजवळ आणतात. एकटं प्रोटीन काहीच करत नाही इथं.

भाची म्हणाली, "मामा, मंग थो बीसीएल काढूनच टाकायचा ना!" तेच केलं बाई लोकांनी. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही नावाच्या जीन-उपचारात पेशंटच्याच पेशी काढून बीसीएल११ए चालू करणारी, जीएटीए१ची बसायची जागा कापतात, म्हणजे फक्त लाल रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींत ते कमी होतं आणि गॅमा परत चालू. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आमच्याकडे हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आहे, त्यानंही गॅमावालं हिमोग्लोबिन वाढतं, म्हणून ती चुकवायची नाही.

आता ताई रोज रात्री कॅप्सूल देताना म्हणते, "घे माय, थो बंद पडलेला चालू होऊ दे."