"मी तुमच्याकडून काहीच घेत नाही"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न दर वेळी साधारण असाच असतो : "पहिल्यांदाच गुंतवणूक करतोय. तीन सल्लागारांना भेटलो. एक टक्केवारीत फी मागतो, दुसरा वर्षाची ठरावीक रक्कम सांगतो, तिसरा म्हणतो, मी तुमच्याकडून काहीच घेत नाही. शिफारशीही तिघांच्या तीन. कुणाचं ऐकू?" मी सल्लागार नाही. हिशेब तपासण्यात नोकरी गेली, म्हणून लोक कागद घेऊन येतात.

तिसऱ्यापासून सुरुवात करू. त्यालाही पोट आहेच. तुम्ही जे घ्याल त्या फंडाकडून किंवा विमा कंपनीकडून त्याला कमिशन मिळतं, आणि ते तुमच्याच पैशातून, योजनेच्या खर्चात मिसळून जातं. ब्रिटनने 2013 पासून आणि नेदरलँड्सने 2014 पासून गुंतवणूक सल्ल्यावरचं असं कमिशन बंद केलं. भारतात 2013 पासून म्युच्युअल फंडांना कमिशन वगळलेल्या 'डायरेक्ट' योजना देणं सक्तीचं झालं. एकाच फंडाच्या कमिशन असलेल्या आणि डायरेक्ट अशा दोन्ही योजनांचे खर्च शेजारी ठेवले की वितरकाचा, म्हणजे फंड विकणाऱ्याचा, वाटा उघड दिसतो. कमिशन घेणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही. पण विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी कुणी पहिल्याच भेटीत पुढे सरकवली, तर तो कागद मी दोनदा वाचतो.

टक्केवारीवाल्याची फी ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाला 8 टक्के परतावा धरला, तर 100 चे 25 वर्षांत साधारण 685 होतात. दरवर्षी एक टक्का फीत गेला आणि वाढ 7 टक्क्यांनीच झाली, तर 543. म्हणजे शेवटच्या रकमेचा पाचवा हिस्सा गेला! शिवाय ही फी नफ्यावर नसते, सगळ्या रकमेवर असते. बाजार पडला त्या वर्षीही ती कापली जाते.

तरीही रक्कम लहान असेल तर ठरावीक फीच महाग पडते, हे नवखे लोक विसरतात. म्हणून तिघांचा खर्च एकाच पद्धतीने मांडा : आजच्या रकमेवर किती, दहा वर्षांनी अपेक्षित असलेल्या रकमेवर किती. त्यात सल्लागाराची फी, त्याने सुचवलेल्या फंडांचा खर्च आणि लवकर बाहेर पडल्यास लागणारा आकार, सगळं धरा. स्वस्त सल्लागाराने महागडे फंड सुचवले, तर त्या स्वस्ताईला अर्थ नाही.

शिफारशींची तुलना जास्त अवघड, कारण बहुतेकदा तिघांना आपण माहितीच वेगवेगळी दिलेली असते. एकाला कर्जाबद्दल सांगितलं, दुसऱ्याला नाही. एकाला पैसे पाच वर्षांत लागतील म्हणालो, दुसऱ्याला "बघू". तेव्हा उत्पन्न, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, पैसे कधी लागणार, हे एका पानावर लिहून तेच पान तिघांना द्या. मग त्यांच्या आराखड्यात परतावा किती गृहीत धरलाय ते शोधा. एकाने 12 टक्के धरला आणि दुसऱ्याने 8, तर पहिल्याचा शेवटचा आकडा मोठा दिसणारच. त्यात त्याचं कौशल्य काहीच नाही. त्याला 8 धरून पुन्हा मांडायला सांगा. कुरकुर करतो का, तेही कळेल.

आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : यातल्या निम्म्या पैशातून कर्ज फेडून टाकू का? "हो" म्हटलं तर टक्केवारीवाल्याची फी घटते, कमिशनवाल्याचं कमिशन बुडतं; ठरावीक फीवाल्याला फरक पडत नाही. उत्तर काहीही असो, तो कर्जाचा व्याजदर विचारतो का, तुमच्याकडे अडीअडचणीसाठी पैसे बाजूला आहेत का याची चौकशी करतो का, ते पाहा. न विचारताच "नको" म्हणणाऱ्याकडे मी तरी परत गेलो नसतो.

बाकी नियामकाच्या यादीत नाव आहे का, पूर्वी कारवाई झाली आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात. माझा कल विचाराल, तर गरजा साध्या असलेल्या नवख्याने एकदाच फी घेऊन लेखी आराखडा देणारा माणूस गाठावा. वर्षभराने त्याची पुन्हा गरज आहे का, ते तेव्हा ठरवता येतं. टक्केवारीच्या करारात फी आपोआप चालू राहते.