पोकळ वाजलेला पट्टा आणि वाबी-साबीचं निमित्त

पुण्यातल्या कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याची एक भिंत जपानी चहाघरासारखी करायची होती. मातकट, खरबरीत, चकाकी अजिबात नको. भिंत अकरा फूट बाय नऊ. चुन्याचा शेवटचा हात सुकत आला होता. दुपारी साडेचारला पश्चिमेचं ऊन भिंतीला घासत आत आलं आणि स्विचबोर्डापासून छतापर्यंत चार इंच रुंदीचा सरळ पट्टा उमटला. रंग तोच, पोत मात्र वेगळा. सकाळच्या उजेडात तो कुणालाच दिसला नव्हता.

ठेकेदार तिथेच होता. म्हणाला, "राहू द्या ना ताई, वाबी-साबीच आहे ही. एकदम परफेक्ट नको, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

वाबी-साबी म्हणजे अपूर्ण, झिजलेल्या, साध्या गोष्टीत सौंदर्य पाहण्याची जपानी दृष्टी. घरमालकीणबाई विचारात पडल्या. हल्ली हे वाक्य साइटवर सर्रास ऐकू येतं. फरशीचा सांधा सरकला, दार जमिनीला घासतं, पुट्टीत लाटा आल्या, सगळं वाबी-साबीच्या खात्यात.

मी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं. भरीव आवाज. पट्ट्यावर वाजवलं तर रिकाम्या मडक्यासारखा. थापीचं टोक जरा आत घातलं तर तळहाताएवढी खपली सुटून आली, मागे पांढरंफेक पीओपी. इलेक्ट्रिशियनने झिरी मारून, म्हणजे भिंतीत खाच खोदून, वायरीचा पाइप टाकला होता आणि वरून पीओपी थापून मोकळा झाला होता. पाइपवर अर्ध्या इंचाचंही आवरण नव्हतं, जाळी तर नव्हतीच. पीओपी शेजारच्या सिमेंट गिलाव्यापेक्षा भराभर पाणी ओढतं. त्यामुळे चुन्याचा माल तेवढ्याच पट्ट्यात आधी आवळला आणि थापी तिथे अडखळली. शिवाय पीओपीचा चिकटून राहण्याचा भरवसा नाही. एका पावसाळ्याची दमट हवा लागली असती, तर पट्टा खाली आला असता.

मालात खोट नव्हती. जुना प्लॅस्टिक इमल्शन रंग पूर्ण खरवडून काढला होता, कारण त्याच्यावर चुना धरत नाही. मग पकड यावी म्हणून भिंतीला टाचे, म्हणजे छिन्नीचे खड्डे, मारून ती भिजवली. विरवून मुरवलेला चुना एक भाग, बारीक चाळलेली वाळू आणि संगमरवराची भुकटी मिळून दोन भाग. भाताचा पेंढा अर्धा-अर्धा इंच कापून, पिवळं पाणी सुटायचं थांबेपर्यंत भिजवून घेतला. हे पाणी काढलं नाही तर पुढे भिंतीवर तपकिरी डाग येतात. रंगासाठी पिवडी, म्हणजे पिवळी रंगमाती, चुन्याच्या वजनाच्या चार टक्के. बाजारातल्या काही पिवडीत नुसता रंग मिसळलेला असतो, म्हणून चिमूटभर चुन्याच्या निवळीत कालवून दिवसभर उन्हात ठेवायची. फिकी पडली तर परत करायची. दोन मिलिमीटर जाडीला या भिंतीला वीसेक लिटर माल लागतो. ओला माल सुकल्यावर बराच उजळतो, त्यामुळे रंग नेहमी सुकलेल्या नमुन्यावरच पसंत करावा.

आता ठेकेदाराच्या मुद्द्याबद्दल. क्योतोजवळ यामाझाकीला मिओकिआन मंदिरात ताइआन नावाचं चहाघर आहे. जपानी चहाविधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू याचं मानलं जातं, साधारण 1582 सालचं, चहाची खोली अवघ्या दोन तातामींची, म्हणजे जमिनीवरच्या दोन गवती चटयांएवढी. तिथल्या मातीच्या भिंतीत पेंढा उघडा दिसतो. पण तो दिसतो कारण माती त्याच्यासकट घट्ट बसली आहे. जपानी चहाघरांत मातीच्या भिंतीच्या पायथ्याला कागदही चिकटवतात, बसणाऱ्याचे कपडे भिंतीला घासू नयेत आणि भिंतही झडू नये म्हणून. खरबरीतपणा हवा, पण तो टिकवायची तजवीज आधी.

बाईंनी विचारलं, "मग किंत्सुगीत तडा सोन्याने दाखवतात, तसा हा पट्टा वेगळ्या रंगात दाखवला तर?" प्रश्न रास्त होता. किंत्सुगीत फुटलेलं भांडं उरुशी लाखेने जोडतात. ही लाख दमट आणि उबदार हवेतच कडक होते, एकेका थराला वेळ द्यावा लागतो, काम आठवडेच्या आठवडे चालतं. सोन्याची पूड अगदी शेवटी, भांडं पुन्हा भक्कम झाल्यावर. आमचा पट्टा अजून सुटलेलाच होता.

तो सहा इंच रुंद खोदून काढला. पाइप आत दाबून बसवला, वर वाळू-सिमेंट दोन थरांत भरलं, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जाईल अशी कोंबडीजाळी घातली आणि सात दिवस पाणी मारलं. शेवटचा हात मात्र नुसत्या पट्ट्यावर देऊन चालत नाही. चुन्याच्या कामात ठिगळ लपत नाही. म्हणून अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, न थांबता, दोघांनी मिळून केली. पंखे बंद, खिडकीला ओली चादर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो आणि त्याला त्या काळात ओल लागते. वारा खाऊन तो भराभर सुकला तर पृष्ठभाग भुकटी होऊन हाताला लागतो.

या वेळीही थापीचे वळसे उमटले, एका ठिकाणी पेंढ्याची काडी वर आली, खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेली. सगळीकडे वाजवून पाहिलं, आवाज भरीव. ते तसंच ठेवलं. छताच्या कडेची 6500 केल्विनची पांढरी पट्टी काढायला लावली. इतक्या जवळून येणारा उजेड प्रत्येक वळसा ओरबाडून दाखवतो. तिच्या जागी भिंतीपासून अडीच फुटांवर, बैठकीच्या उंचीला, 2700 केल्विनचा पिवळसर उजेडाचा एकच दिवा. दिवाणाच्या मागे दीड फूट उंचीपर्यंत हातकागद खळीने चिकटवला, नाहीतर पाठीला पिवडी लागते.

झिरीचं काम इलेक्ट्रिशियनच्या बिलातून वळतं केलं. ठेकेदार कुरकुरला, पण कबूल झाला.