सोलापुरात ओरॅकल ते पोस्टग्रेस: टेबलं सोपी, नावांनी जीव घेतला

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याचा डेटाबेस ओरॅकल ११जी (ओरॅकल डेटाबेसचं जुनं व्हर्जन) वरून पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर न्यायला गेलो होतो, काल रात्री उशिरा पुण्यात परत आलोय आणि डोकं अजून जागेवर नाही. तरी लिहून टाकतो, कारण असले कारखाने तिकडे ढिगाने आहेत आणि ११जी चा एक्स्टेंडेड सपोर्ट, म्हणजे कंपनीची वाढीव मदत, डिसेंबर २०२० लाच संपलाय, म्हणजे आज ना उद्या तुमच्यापैकी कुणीतरी जाणारच.

निघायच्या आधी ज्यांच्याकडून काम आलं त्यांनी ओरा टू पीजी, म्हणजे ओरॅकलचं पोस्टग्रेसमध्ये नेणाऱ्या टूलचा, रिपोर्ट समोर टाकला. ग्रेड बी, म्हणजे थोडाफार कोड बदलायचा, पाच मनुष्यदिवसांच्या आत काम खलास. टूल चांगलंय, फुकट आहे, त्याला शिव्या देणार नाही. पण तो रिपोर्ट टेबलं, प्रोसिजर, ट्रिगर मोजतो, कॉलमच्या पोटात काय भरलंय ते बघत नाही. नुसत्या त्या ग्रेडवर कुणी कोटेशन मागितलं तर सरळ नाही म्हणा.

टेबलं, इंडेक्स, व्ह्यू, बहुतेक पॅकेजेस निवांत गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वाट लागली ती पार्टी मास्टर आणि कामगार मास्टरमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या आणि कामगारांच्या मूळ याद्यांमध्ये. नावं मराठीत, पण युनिकोड नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. म्हणजे डेटाबेसला ती इंग्रजी-फ्रेंच टाईपची विचित्र अक्षरं वाटतात, स्क्रीनवर तो ठराविक फॉन्ट लावला तरच मराठी दिसतं. युटीएफ८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) लोड करताना एकही एरर येत नाही, हेच तर वाईट. कचरा व्यवस्थित कचरा म्हणूनच जातो आणि रो काउंट (ओळींची संख्या) दोन्हीकडे सारखा येतो. नवीन वेब स्क्रीन उघडली तेव्हा कळलं.

मग कन्व्हर्टर. या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. त्यामुळे नुसतं अक्षराला अक्षर बदललं की दुर्गाचं ‘दुगार्’ होतं आणि सिद्रामचं ‘िसद्राम’. बरं, वेलांटी एक घर पुढे सरकवली की सिद्राम सुटतो पण मल्लिनाथचा ‘मल्िलनाथ’ होतो, कारण तिथे अर्धा ल मध्ये आहे, पूर्ण जोडाक्षर ओलांडून वेलांटी ठेवावी लागते. सोलापुरात मल्लिनाथ किती असतात ते सांगायला नको. अकाउंट्समधले अण्णा शेजारी बसून यादी वाचत होते, दर दोन मिनिटाला “साहेब, हा माणूस असा नाही हो.”

त्यात एकाच कॉलममध्ये काही नावं साध्या इंग्रजीत. ती कन्व्हर्टरमधून गेली की रमेशची भाजी होते. आम्ही नियम लावला की १२७ च्या वरचा एक जरी बाईट असेल तर जुना फॉन्ट, नाहीतर हात लावायचा नाही, आणि तरी उरलेली छोटी नावं हाताने बघितली. दुसरा उपाय नाही, कारण फॉन्ट कुठला हे स्क्रीनवर ठरतं, डेटाबेसमध्ये त्याची कुठेच नोंद नसते.

सगळ्यात घाण प्रकार डिस्पॅचच्या पीसीचा. ओरॅकल सर्व्हर विंडोज १२५२ या कॅरेक्टरसेटवर (कुठला बाईट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता), बाकीच्या पीसींचं एनएलएस लँग (पीसी कुठला कॅरेक्टरसेट वापरतो ते ओरॅकलला सांगणारं सेटिंग) पण तेच, म्हणून बाईट जसेच्या तसे आत जायचे. या एका मशीनवर कुणीतरी कधीकाळी आयएसओ ८८५९-१ हा दुसराच कॅरेक्टरसेट ठेवलेला. त्यामुळे हेक्समध्ये ८० ते ९एफ मधले बाईट आत जातानाच उलटं प्रश्नचिन्ह होऊन बसले. ते कुठल्याच स्क्रिप्टने परत येत नाहीत, जुनी बिलं काढून टाईप करायची. म्हणून पोचल्या पोचल्या ओरॅकलवर डम्प फंक्शन १०१६ देऊन नावाचा कॉलम बघा, बाईट हेक्समध्ये आणि कॅरेक्टरसेट दोन्ही दिसतं. बीएफ, बीएफ, बीएफ (त्या उलट्या प्रश्नचिन्हाचा बाईट) अशी रांग दिसली की समजा अण्णांना कपाटाची चावी मागायचीय.

कन्व्हर्जनसाठी एका बाहेरच्या माणसाला दर रेकॉर्डमागे पैसे दिले गेले, आमच्या आधीच. त्याने काय केलं तर नेटवरच्या फुकट कन्व्हर्टरमध्ये पेस्ट, आणि वर ‘डेटा क्लीनिंग’चं वेगळं बिल. शुद्ध लूट. पायथनमध्ये मॅपिंग टेबल स्वतः लिहा. कुणाला द्यायचंच असेल तर आधी मल्लिनाथ आणि दुर्गा नमुना म्हणून पाठवा, बरोबर आले तर पुढचं बोला.

बाकी नेहमीचे खड्डे. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल (किंमतच नाही), पोस्टग्रेसमध्ये नाही. पत्ता जोडताना मधली एक ओळ नल असली की ओरॅकल बाकीचा पत्ता देतो, पोस्टग्रेस अख्खा पत्ता नल करतो, आमचं पहिलं डिलिव्हरी चलन पत्त्याशिवायच छापलं गेलं. मजकूर जोडणाऱ्या दोन पाईपच्या (||) जागी कॉन्कॅट डब्ल्यूएस हे फंक्शन टाका, ते नल सोडून देतं. ओरॅकलच्या डेट मध्ये वेळ पण असते, टूल त्याचं टाइमस्टॅम्प करतं ते तसंच राहू द्या, कुणी हौसेने पोस्टग्रेसचं डेट केलं तर नुसती तारीख उरते, रात्रपाळीच्या प्रॉडक्शन नोंदींची वेळ गेली. जुन्या ॲपमध्ये ‘इन्सर्ट कर, डुप्लिकेट आला तर अपडेट कर’ असं असेल तर पोस्टग्रेस पहिल्या एररलाच सगळं ट्रान्झॅक्शन मारून टाकतो, इन्सर्टच्या आधी सेव्हपॉइंट (एरर आली तर परत यायची खूण) द्या नाहीतर इन्सर्टलाच ऑन कॉन्फ्लिक्ट (डुप्लिकेट आला तर काय करायचं ते) जोडा. सिक्वेन्स पुढे सरकवणं आणि लोडनंतर ॲनालाइझ हे सांगत बसत नाही, येत असेलच.

जाण्याबद्दल. कारखाना चिंचोळी एमआयडीसीत असेल तर ट्रेनने जाऊ नका, ती शहराच्या अलीकडे पुणे रोडवर आहे, स्टेशनला उतरून परत मागे यायचं आणि रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगणार. एसटी किंवा गाडी बरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीला मात्र हुतात्मा एक्सप्रेस मस्त. मे महिन्यात कटओव्हर (जुनं बंद करून नवीन चालू करणं) ठेवू नका, बाहेर चाळीसच्या वर आणि सर्व्हर रूमचा एसी नावापुरता, डिस्क कमी आणि आम्ही जास्त तापलो. जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते, तेव्हा कारखान्यातली निम्मी माणसं सुट्टीवर जातात, आणि अण्णा सुट्टीवर असतील तर नावं वाचायला दुसरं कुणी नाही, आधी फोन करून विचारा.