स्किमर अपडेट: फेस मेला, आला, परत मेला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठणारा कचरा) २५ वरून १० वर आलं, आता फक्त कोरल वाढवायचे. ते सगळे शब्द गिळतोय. गेले तीन आठवडे स्किमरने (पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र) असा काही छळ मांडला होता की एकदा रात्री बारा वाजता संपसमोर (टँकखालची फिल्टरची टाकी) फरशीवर बसून मी त्याच्याशी भांडत होतो आणि बायको दारात उभी राहून बघत होती.

सेटअप तोच, चार फुटी टँक, खाली तीन कप्प्यांचा संप, मधल्या कप्प्यात नीडल व्हीलवाला (सुयांच्या चाकाने हवेचे बारीक बुडबुडे करणारा), एसी पंपाचा म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा स्किमर, पाण्याची लेव्हल २० सेंटीमीटरला फिक्स. दिवाळीच्या आधी कपात रोज कोऱ्या चहासारखं काळंकुट्ट जमा व्हायचं. वास विचारू नका. आई म्हणायची, त्या डब्यात मेलेला मासा ठेवलायस का.

तर नरकचतुर्दशीला सकाळी बघतो तर फेस गायब. स्किमरच्या मानेच्या खाली चार बोटं मोठमोठे बुडबुडे नुसते डुचमळतायत, कप कोरडा. मला लगेच साक्षात्कार झाला, अरे, पहाटे अभ्यंगस्नान करून तेलकट हातानेच मी पडलेला फ्रॅग (कोरलचा तुकडा) उचलून ठेवला होता! तेलाने फेस बसतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये, फ्रोझन खाऊ टाकला तरी तासभर बसतो. म्हणून स्किमर बंद केला, कप धुतला, २० लिटर पाणी बदललं, चालू केला आणि संध्याकाळपर्यंत फेस मस्त वर. केस क्लोज्ड, असं वाटलं.

तीन दिवसांनी परत मेला. आता तेल कुठून आणू? मग व्हेंच्युरीवर (पंपात हवा ओढणारा भाग) संशय. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा बसतो तो आपला जुना शत्रू, नळी काढली, व्हिनेगर आणि कोमट पाण्यात तासभर बुडवली, सुईने टोकरली, थोडंसं मीठ निघालंही. लावली, चालू, फेस वर! मी घरात सगळ्यांना सांगितलं की सापडलं कारण. चौथ्या दिवशी फेस खाली.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. लेव्हल २० ची १८ केली, मग २२, पाणी कमी-जास्त करणारा गेट व्हॉल्व्ह पाव पाव वळण फिरवून बघितला, हवेच्या नळीचा सायलेन्सर काढून बघितला, सॅलिनिटी म्हणजे पाण्याचा खारटपणा परत मोजला (३५, तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्याच सोल्युशनने कॅलिब्रेट करून, उगाच आरओच्या पाण्याने झीरो करून समाधान मानू नका), रॉक चिकटवायला वापरलेल्या इपॉक्सीलाही शिव्या घातल्या, खरं तर इपॉक्सीने फेस उलट उतू जातो हे माहीत असून. हवा ओढली जातेय का बघायला नळीपाशी उदबत्तीचा धूर धरावा असं डोक्यात आलं होतं, पण तो धूर थेट पाण्यातच कालवला जाणार हे वेळेत सुचलं, मग टिश्यू पेपरची पट्टी धरली. पट्टी हलत होती पण जीव नव्हता तिच्यात. म्हणजे हवा कमी. पण का?

आणि वैताग असा की प्रत्येक उपाय लागू पडायचा! दोन-तीन दिवस. तोपर्यंत नायट्रेट परत २० आणि काचेवर रोज हिरवं.

मागच्या गुरुवारी उलगडा झाला, तोही चुकून. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते. मी घरीच होतो, फिल्टर सॉक धूत संपसमोर बसलेलो, इन्व्हर्टर ठक करून चालू झाला आणि स्किमरचा आवाज बदलला. एरवी सूं असतो, आता घरघर. डोळ्यांदेखत फेस खाली बसला. प्लग काढला, दहा मोजले, लावला. सूं. फेस वर यायला लागला. परत काढला, लावला. सूं. परत. घरघर!!

पंप उलटा फिरतोय राव. हे एसी पंप सिंक्रोनस असतात, मोटरला स्वतःला दिशा नसते, सुरू होताना ज्या बाजूला झटका बसेल तिकडे निघाली. योग्य दिशा ठेवायला आत एक छोटा स्टॉपर असतो. उलटा फिरला तरी पंप पाणी ढकलतच राहतो, म्हणून बाहेरून सगळं चालू दिसतं, फक्त हवा नीट ओढत नाही आणि बारीक बुडबुड्यांऐवजी ते ढोबळे येतात. पंप काढून बादलीत मिठाच्या पाण्यात चालवला, मोबाईलवर स्लो मोशन घेतलं. दहा वेळा चालू-बंद, चार वेळा उलटा. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) उघडला तर स्टॉपरची कड झिजून गोल झालेली.

आता विचार करा माझ्या मूर्खपणाचा. तेल असो, व्हेंच्युरी असो, लेव्हल असो, प्रत्येक उपाय करताना मी स्किमर बंद करून परत चालू करत होतो. दहातले सहा वेळा तो सुलटा सुरू होणारच होता! श्रेय व्हिनेगरला. आणि मग कधीतरी पाच सेकंद लाइट झपकली की परत उलटा. व्हिनेगरची अख्खी बाटली संपली यात.

इम्पेलरसाठी जिथून स्किमर घेतला त्या दुकानाला फोन केला. सुटा मिळत नाही म्हणे, पूर्ण पंप घ्या, दोन महिने लागतील. विकताना स्पेअर्स स्टॉकमध्ये असतात असं छातीठोक सांगणारा हाच माणूस. माझं मत विचाराल तर स्किमर घेतानाच एक जादा इम्पेलर पदरात पाडून घ्या, नाहीतर घेऊच नका.

म्हणून ठरवलंय डीसी पंप टाकायचा. कंट्रोलर दिशा ठरवतो, हा प्रकारच नाही, आणि २४ व्होल्ट असल्यामुळे बॅटरीवर टाकता येईल... पण हे लिहिता लिहिता वाटतंय की बॅटरीवर आधी रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत टँकमध्ये ढकलणारा) हवा. लाइट गेल्यावर फेस नसला तर मासे मरत नाहीत, पाणी थांबलं तर मरतात. इन्व्हर्टर आहे, पण चिलरमुळे (पाणी थंड ठेवणारं यंत्र) तो दीड तासात मान टाकतो. म्हणजे डीसीचे पैसे रिटर्नला, स्किमर आहे त्याच पंपावर.

थांबा, अजून एक सुचलं. उलटा फिरताना हवा कमी म्हणजे पंपावरचा लोड वेगळा असणार ना? आज रात्री वॅट मीटर लावून दोन्ही दिशांचे आकडे घेतो. फरक पुरेसा आला तर वॅट मोजणारा स्मार्ट प्लग लावायचा, आकडा चुकीचा दिसला की त्यानेच बंद-चालू करायचं, सुलटा होईपर्यंत. जुगाड आहे, पण दोन महिने ढकलता येतील. कुणी केलंय का असं? वारंवार चालू-बंद करून कॉइल जळेल का ही एकच धाकधूक.

बाकी थोडक्यात. डंकन कोरलला सातवं तोंड फुटलं!! संपमधलं कीटो शेवाळ दुप्पट झालंय, ज्यांना हवंय त्यांनी डबा घेऊन या. काल सॅलिफर्टच्या टेस्ट किटने नायट्रेट बघितलं, बाजूने बघून दहाने भागायची वेळ (फार कमी असलं की तसं करतात) अजून आलेली नाही, वरूनच १५ दिसतंय. कपात आज सकाळी दीड बोट काळा चहा होता आणि आईने परत मेलेल्या माशाबद्दल विचारलं.