अठरा फ्रेम

सबटायटल्सची फाइल पाठवून आठवडा झाला, पण तिच्यातली दोन वाक्यं अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहून काढते आहे. काम होतं हेलन वॅग्नर या अमेरिकन अभिनेत्रीवरच्या बावीस मिनिटांच्या चित्रफितीचं. माध्यमांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यशाळेत ती दाखवायची होती. मराठी सबटायटल्सचं भाषांतर आणि पहिली तपासणी दुसऱ्यांनी केली होती. माझ्याकडे शेवटची नजर आणि हातात एक दिवस.

वॅग्नरबाई आपल्याकडे कुणाला माहीत नाहीत. जन्म ३ सप्टेंबर १९१८, टेक्ससमधल्या लबक गावचा. १९३८ साली इलिनॉयच्या मनमथ कॉलेजातून पदवी, मग न्यूयॉर्कची रंगभूमी, मग दूरचित्रवाणी. 'द गायडिंग लाइट' या मालिकेत ट्रुडी बाउर आणि 'द वर्ल्ड ऑफ मिस्टर स्वीनी'मध्ये चार्ली रगल्सची मुलगी, या त्यांच्या सुरुवातीच्या भूमिका. २ एप्रिल १९५६ रोजी सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर इर्ना फिलिप्स यांची 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' सुरू झाली. तोवर दुपारच्या मालिकांचा भाग पंधरा मिनिटांचा असायचा. ही आणि त्याच दिवशी सुरू झालेली 'द एज ऑफ नाइट' या अर्ध्या तासाच्या पहिल्या मालिका. 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'मध्ये वॅग्नरबाई झाल्या नॅन्सी ह्यूज : वकिलाची बायको, चार मुलांची आई, सगळं घर जिच्या स्वयंपाकघरात येऊन बोलतं अशी. मधले काही खंड सोडले तर त्या नॅन्सीच राहिल्या, १ मे २०१० रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी जाईपर्यंत. एकाच मालिकेत एकाच कलाकाराने सर्वाधिक काळ केलेली भूमिका म्हणून गिनेसने तिची नोंद घेतली. २००४ साली त्यांना डेटाइम एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारांतला जीवनगौरव मिळाला.

हे सगळं निवेदनात येतं आणि त्याची सबटायटल्स लावणं सोपं असतं. अडलं ते अकराव्या मिनिटात.

तारीख २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवस. न्यूयॉर्कमध्ये दीड वाजता मालिकेचा भाग सुरू झालेला. ही मालिका १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित व्हायची. आपल्या सेटवर भागांची 'बँक', म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, किती दिवसांची आहे यावर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. तिथे बँक नावाची गोष्टच नव्हती. रोज नवी संहिता, रोज अर्धा तास, आणि वाक्य चुकलं तर ते चुकलेलंच घरोघरी पोचायचं. त्या दिवशी पडद्यावर दोघंच आहेत, नॅन्सी आणि तिचे सासरे. सासऱ्यांचं काम सँटोस ऑर्टेगा यांचं. बॉबने, म्हणजे नॅन्सीच्या मुलाने, घटस्फोट झालेल्या बायकोला, लीसाला, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला बोलावलं आहे, त्यावर बोलणं चाललं आहे. आपण याचा खूप विचार केला, असं नॅन्सी सांगत असते आणि चित्र जातं. एक वाजून चाळीस मिनिटं. काळ्या पडद्यावर सीबीएस न्यूज बुलेटिन अशी पाटी, आणि मागून सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा फक्त आवाज. चेहरा नाही, कारण वृत्तकक्षात तापवून तयार ठेवलेला कॅमेराच नव्हता. तेव्हाच्या कॅमेऱ्यातली नळी तापून चित्र द्यायला जवळपास वीस मिनिटं लागायची.

आता आमच्या फाइलचं काय झालं होतं ते सांगते. अमेरिकन चित्रफितीचा वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असा असतो, तीस नाही. घड्याळाशी मेळ राहावा म्हणून 'ड्रॉप फ्रेम' मोजणीत दर मिनिटाला फ्रेमचे दोन क्रमांक गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत. म्हणजे दहा मिनिटांत अठरा क्रमांक आणि तासाला १०८. चित्र एकही गळत नाही, गळतात ते आकडे. भाषांतर करणाऱ्याने टाइमकोड, म्हणजे सबटायटल कुठल्या फ्रेमला येतं आणि जातं त्याचे आकडे, ड्रॉप फ्रेममध्ये घेतले होते. नंतर फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना कुणीतरी 'नॉन ड्रॉप', म्हणजे क्रमांक न गाळणारी मोजणी, निवडलं. पहिल्या मिनिटात फरक कळतही नाही. पाचव्या मिनिटापर्यंत सबटायटल दहा फ्रेम मागे पडतं, तेव्हा सवयीच्या डोळ्याला काहीतरी खुपू लागतं. अकराव्या मिनिटात अठरा फ्रेम, म्हणजे सेकंदाचे सहा दशांश.

एरवी कुणी तक्रार केली नसती. इथे मात्र चित्र गेलं तरी नॅन्सीचं वाक्य बुलेटिनच्या पाटीवर सहा दशांश सेकंद रेंगाळत होतं. थँक्सगिव्हिंगचा विचार आणि डॅलसची पाटी एकाच चौकटीत. पहिल्या तपासणीत हे निसटलं याचं मला राहून राहून वाईट वाटतं. शेवटचं कार्ड, म्हणजे एका वेळी पडद्यावर येणारं सबटायटल, फितीच्या शेवटावर नेऊन बघितलं असतं तर दोन मिनिटांत सापडलं असतं. फाइल हातात आली की पहिलं, मधलं आणि शेवटचं कार्ड ध्वनीलहरीवर ठेवून बघायचं, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण मुदत एका दिवसाची दिली की आधी तोच सोडला जातो.

उपाय साधा : मूळ फाइल योग्य मोजणीत पुन्हा उघडायची. कार्ड हाताने पुढेमागे सरकवत बसायचं नाही, कारण चूक सगळीकडे सारखी नसते, ती वाढत जाते. पुन्हा उघडल्यावर ३१२ कार्डं जागेवर आली. त्या एका कार्डाची अखेर तेवढी मी हाताने लावली. एरवी बोलणं संपल्यावरही वाचायला सवड म्हणून कार्ड थोडं पुढे ओढतात, आणि चित्र बदलण्याआधी दोन फ्रेम मोकळ्या ठेवतात. इथे दोन्ही मोडलं. नॅन्सीच्या चित्राची शेवटची फ्रेम तीच कार्डाची शेवटची फ्रेम.

मग शब्द. नॅन्सी त्या माणसाला 'ग्रँडपा' म्हणते. भाषांतरात होतं 'आजोबा'. शब्दकोशात बरोबर, घरात चूक. हे तिच्या नवऱ्याचे वडील. मुलांच्या तोंडचं नाव ती वापरते, जशी आपल्याकडेही एखादी सून वापरते, पण वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्याला नॅन्सी त्यांची नात वाटेल. त्या काळच्या पुण्यातली सून 'मामंजी' म्हणाली असती, पण ह्यूज मंडळींच्या तोंडी मामंजी घातलं तर मालिकेतलं इलिनॉयमधलं घर सदाशिव पेठेत येऊन पडतं. मी 'बाबा' केलं. कानाला ग्रँडपा ऐकू येतं आणि खाली बाबा दिसतं, ही विसंगती मला मान्य आहे. नातं चुकण्यापेक्षा ती बरी.

वाक्याच्या शेवटी तीन टिंबं होती. आमच्या नियमात टिंबं म्हणजे बोलणारा स्वतःहून थांबला, आणि आडवी रेघ म्हणजे त्याला कुणी थांबवलं. मी आधी टिंबं काढून रेघ टाकली आणि मग तशीच बघत बसले. नॅन्सीला कुणी थांबवलं नव्हतंच. प्रक्षेपण मुख्य नियंत्रण कक्षातून तोडलं होतं. स्टुडिओत कॅमेरे चालू होते, दिवे चालू होते, आणि वॅग्नरबाई पुढचं वाक्य बोलत होत्या, ऑर्टेगा उत्तर देत होते. देशाला काय ऐकू जातंय याचा त्यांना पत्ता नव्हता. ते दोघं थांबले नाहीत, आपल्याला ऐकू येणं तेवढं थांबलं. म्हणून मी काहीच ठेवलं नाही. टिंब नाही, रेघ नाही, पूर्णविरामही नाही. 'मी खूप विचार केला, बाबा' एवढं, आणि पुढे मोकळं. शेवटच्या वाचनात कुणीतरी पूर्णविराम राहिला समजून टाकेल या भीतीने मी त्या कार्डाला टीप जोडली.

क्रॉन्काइटच्या बुलेटिनवर माझा खरा राग निघाला. त्या पहिल्या बुलेटिनमध्ये एवढंच आहे : डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, पहिल्या वृत्तानुसार अध्यक्ष गंभीर जखमी आहेत. आमच्या फाइलमध्ये या कार्डांच्या आधी निवेदनाच्या ओळीत 'हत्येची बातमी' असा शब्द आला होता. त्या क्षणी हत्येची बातमी नव्हतीच. क्रॉन्काइट कॅमेऱ्यासमोर आले दोन वाजता, आणि मृत्यूची अधिकृत घोषणा त्यांनी केली दोन अडतीसला, अडतीस मिनिटांपूर्वी निधन झालं असं सांगून. दोन वाजेपर्यंतच्या काळात मालिका परत दिसते, जाहिरात दिसते, पुन्हा पाटी येते. सबटायटलने पडद्यापेक्षा जास्त जाणायचं नसतं. विद्यार्थ्यांना शिकवायचं आहे ते नेमकं हेच, की बातमी किती थेंबाथेंबाने आली, आणि आम्ही ती आधीच ओतून ठेवली होती. मी तिथे 'गोळीबाराची बातमी' केलं.

दुसरं त्याहून वाईट. भाषांतरात 'प्राथमिक वृत्तानुसार' होतं, तपासणीत ते काढून टाकलं होतं. कारण दिलं होतं वाचनवेगाचं. कारण खोटं नाही. आमची मर्यादा सेकंदाला सतरा चिन्हांची, आणि सॉफ्टवेअर देवनागरीतली प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त वेगळा मोजतं. 'स्त्री' डोळ्याला एक अक्षर, यंत्राला सहा चिन्हं. रोमन लिपीसाठी बांधलेली फूटपट्टी आमच्या हातात दिलेली आहे आणि तिच्यापायी रोज चांगले शब्द कापले जातात. 'प्राथमिक वृत्तानुसार' वीस चिन्हांचं, म्हणजे एक सेकंद तिथेच गेला. पण ते काढलं की सांगोवांगी आलेली गोष्ट ठाम सत्य होते. उपाय आपल्या वर्तमानपत्रांनी कधीच करून ठेवला आहे : 'केनेडी गंभीर जखमी झाल्याचं समजतं.' 'समजतं' पाच चिन्हांत सगळं सांगतं. जागा मिळाली, मर्यादाही पाळली गेली.

उरली ती दोन वाक्यं. मालिकेच्या पहिल्या भागातलं पहिलं वाक्य वॅग्नरबाईंचं होतं, नवऱ्याला उद्देशून : 'गुड मॉर्निंग, डिअर.' आणि १७ सप्टेंबर २०१० च्या शेवटच्या भागातलं शेवटचं वाक्य होतं 'गुड नाइट', डॉन हेस्टिंग्ज यांच्या तोंडी. १९६० पासून नॅन्सीचा मुलगा बॉब झालेले हे हेस्टिंग्ज. टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरत राहतो आणि संपतं. चोपन्न वर्षं आणि १३,८५८ भाग त्या दोन अभिवादनांच्या मधे बसवलेले आहेत. आईने उघडलेलं दार मुलाने लावलं, आणि ते बघायला आई साडेचार महिन्यांनी मुकली.

फाइलमध्ये होतं 'सुप्रभात, प्रिय' आणि 'शुभ रात्री'. कुठलीही मराठी बाई सकाळी नवऱ्याला सुप्रभात म्हणत नाही. नॅन्सी मराठीत म्हणाली असती 'उठलात?', बस. त्यातच 'डिअर' येतो, त्यातच चहा येतो. आणि दिवा मालवून निघणारा बॉब म्हणाला असता 'येतो'. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. दोन्ही मी लिहून बघितले. एकेकटे इतके बरोबर की पुसवेनात. पण 'उठलात?' आणि 'येतो' यांत जोडी नाही, आणि फितीचा शेवट त्या जोडीवरच उभा आहे. शिवाय मालिका परत येणार नव्हती, म्हणून 'येतो' तिथे अर्थालाच उलटा पडतो.

पाठवलं ते 'गुड मॉर्निंग' आणि 'गुड नाइट', देवनागरीत, आहे तसं. 'डिअर' गाळला, तो कानाला ऐकू येतो. समन्वयकांनी विचारलं, हे भाषांतर कसं? मी कारणं लिहून दिली, त्यांनी मान्य केलं. दुसरी आवृत्ती निघाली तर पहिल्या कार्डावर 'उठलात?' ठेवायचं माझ्या मनात आहे. त्याच्या जोडीला शेवटच्या कार्डावर काय लिहायचं, ते मात्र अजून सापडलेलं नाही.