नवतप्यातले शंभर कपकेक

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आमच्या नागपुरात कडक उन्हाचा नवतपा लागतो. या नऊ दिवसांत मी क्रीमचे केक करत नाही, हे माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. पण लग्नसराईही ऐन त्याच वेळी असते. गेल्या उन्हाळ्यात एक काकू मुलीच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, ऑर्डर घेऊन आल्या. शंभर चॉकलेट कपकेक, बिनअंड्याचे, प्रत्येकावर बटरक्रीमचा उंच गुलाबी गुलाब. कार्यक्रम संध्याकाळी सातला, वर्धा रोडवरच्या लॉनवर, म्हणजे उघड्यावर. फोटो मुलीने पुण्याहून पाठवला होता आणि तो खरोखर सुंदर होता.

सुंदर होता, पण तो थंड खोलीत काढलेला होता. लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं. चॉकलेटमधलं कोको बटर ३४च्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं. नवतप्यात संध्याकाळी सात वाजताही आमच्याकडे पारा चाळिशीच्या जवळ असतो. त्या हवेत लोण्याचा गुलाब उभा राहणं शक्यच नाही, मग तो कितीही कसबी हाताने काढलेला असो. वनस्पती तुपाचं आयसिंग जरा जास्त टिकतं, पण ते टाळूला चिकटून बसतं आणि खाली चॉकलेट आहे की नाही हेच कळत नाही. ते मी कुणाला खाऊ घालणार नाही.

हे सगळं काकूंना तोंडी सांगून पटलं नसतं. चव बघायला त्या सासूबाईंना घेऊन आल्या, तेव्हा मी मुद्दाम संध्याकाळची वेळ दिली होती. एका कपकेकवर बटरक्रीमचा गुलाब काढला, दुसऱ्यावर कोकोचं पाण्यातलं आयसिंग ओतलं आणि दोन्ही गॅलरीत नेऊन ठेवले. चहा होईपर्यंत गुलाबाच्या पाकळ्या एकमेकींवर बसल्या, चहा संपेपर्यंत कागदाच्या वाटीवरून ओघळ आला. कोकोचं आयसिंग मात्र वरून कोरडं होऊन चकाकत होतं.

त्याचं कारण साधं आहे. १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राने कोकोतलं बरंचसं बटर काढून टाकण्याची रीत शोधली. आपण वापरतो ती कोको पावडर तिथून आली. चरबी बरीचशी निघून गेलेली, चव शाबूत. ती पिठीसाखरेत चाळून थोड्या गरम पाण्यात कालवली की जे आयसिंग होतं, ते गारठून घट्ट होत नाही, वाळून घट्ट होतं. आणि वाळवायला नागपूरच्या मे महिन्यासारखी हवा नाही. आमच्या गच्च्यांवर कुरड्या-पापड याच हवेत वाळतात.

"टिकते ते खरं, पण बोडकं दिसून राहिलं ना," काकू म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. साक्षगंधाच्या टेबलावर नुसते तपकिरी कपकेक कसे ठेवायचे?

काकूंच्या सासूबाई, म्हणजे मुलीच्या आजी, इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी तो चकाकणारा कपकेक हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "चंद्रकळेसारखं दिसते हे. याच्यावर हलवा लाव न पोरी."

मी क्षणभर बघतच राहिले. संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. नव्या सुनेचं हे कौतुक आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चाललंय, आणि मी पायपिंग बॅग नि नोझलच्या पलीकडे बघत नव्हते. हलवा म्हणजे साखरच. खसखशीवर किंवा तिळावर एकतारी पाकाचा थेंब टाकायचा, मंद आचेवर परातीत बोटांनी फिरवत राहायचं, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवायचं. दिवसेंदिवस हे चालतं तेव्हा कुठे काटा येतो, आणि तोही थंडीतच चांगला येतो. एकदा वाळलेला हलवा पंचेचाळीस अंशांना दाद देत नाही. आजींच्या घरी जानेवारीत केलेल्या खसखशीच्या हलव्याची बरणी होती. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवून दिली.

काकूंना एकच शंका होती, साक्षगंधाला काळं कसं? आजींनी ती तिथेच मिटवली, "काळं कुठे, चाकलेटी आहे ते." मुलीला फोनवर समजवायला मात्र वेळ लागला. तिला हे जुनाट वाटेल अशी भीती होती आणि गुलाबी रंग हवाच होता. मी देशी गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवून त्याचा फोटो पाठवला, तेव्हा ती हो म्हणाली.

आता आतलं सारण. नेहमी मी चॉकलेट आणि क्रीमचं गनाश भरते. पण दुधाची साय असलेला पदार्थ चाळीस अंशांत तासन्‌तास ठेवून लोकांना, त्यातही मुलांना द्यायचा नाही, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. माझ्याकडे मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांची साल पाकात मुरवून ठेवलेली होती. साल दोन-तीनदा पाणी बदलून उकळली की कडवटपणा जातो, मग ती साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. त्या उरलेल्या पाकात मी डार्क चॉकलेट वितळवलं. चमच्यावरून जड धारेने पडणारं, संत्र्याच्या वासाचं. इथे उन्हाची भीती नव्हती, उलट मदतच होती. जे वर ओघळलं असतं ते आत मऊ राहणार होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे तीनला ओव्हन लावला. माझं प्रमाण बारा कपकेकना असं आहे: मैदा १८० ग्रॅम, साखर २००, कोको ३०, खायचा सोडा एक चमचा, मीठ अर्धा, पाणी २४० मिली, तेल ८० मिली, व्हिनेगर एक मोठा चमचा, व्हॅनिला. कोको आधी गरम पाण्यात भिजवून निववते, त्याने रंग आणि वास दोन्ही खुलतात. लोण्याऐवजी तेल, कारण तेल पातळच राहतं आणि आमच्या कोरड्या हवेत केक लवकर रवाळ होत नाही. शंभरचं पीठ एकदम कालवायचं नाही. सोडा आणि व्हिनेगर भेटले की बुडबुडे लगेच सुरू होतात, थांबलेलं पीठ मग बसकं भाजलं जातं. म्हणून दर ट्रेचं पीठ वेगळं, कागदी वाट्या दोन तृतीयांश भरून, १८० अंशांवर वीस मिनिटांच्या आत-बाहेर. टूथपिक स्वच्छ निघाली की बाहेर. शेवटचा ट्रे निघाला तेव्हा ऊन पडायला लागलं होतं.

नोझलच्या मागच्या बाजूने मधोमध खड्डा पाडून सारण भरलं, वर केकचंच झाकण लावलं. आयसिंगला हात घातला आणि बाराच्या सुमारास लाइट गेली. आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर उडाला होता. शेजारीपाजारी सगळे कूलर बंद पडले म्हणून हवालदिल. मी मात्र सकाळपासूनच त्या खोलीतला कूलर बंद ठेवला होता. कूलरची हवा ओली असते. त्या हवेत आयसिंग वाळत नाही आणि हलव्याचे काटे चिकट होऊन विरघळायला लागतात. फ्रिजमध्ये ठेवण्यासारखंही काही नव्हतं. बटरक्रीमची ऑर्डर घेतली असती तर त्या दुपारी मला काकूंना फोन करावा लागला असता, या विचारानेच पोटात गोळा आला.

गरम हवेने वेगळी अडचण केली. आयसिंग इतकं झटपट वाळत होतं की हलवा चिकटेपर्यंत वर पापुद्रा धरायचा. मग भांड्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं आणि एका वेळी सहाच कपकेक घेतले. माझी भाची आयसिंग ओतायची, मी चिमट्याने हलवा लावायचे. कुठे नथीचा आकडा, कुठे ठुशीसारखी ओळ, कुठे बाजूबंद. मधोमध गुलाबाची पाकळी आणि संत्र्याच्या सालीची पातळ चीर. घामाचा थेंब पडू नये म्हणून दोघींनी कपाळाला रुमाल बांधले होते. हे काम घाईचं नाही, आणि ते घाईने न केल्याचं मला फार समाधान आहे.

साडेसहाला लॉनवर मांडणी केली. गुलाबी चादर, वर तीन उतरंडी. कार्यक्रम लांबला, मुलाकडची मंडळी उशिरा आली, अंगठ्या घालेपर्यंत साडेआठ झाले. कपकेक जसेच्या तसे होते. मुलगी टेबलापाशी आली, नथ असलेला कपकेक उचलला आणि आधी आजींकडे घेऊन गेली. आजींनी दातांनी हलवा फोडला आणि मला म्हणाल्या, "काटा शाबूत आहे बाई." लहान मुलं वरचा हलवा वेचून खात होती, आत चॉकलेट पाझरलं की पुन्हा कपकेककडे वळत होती. मुलाच्या आईने हलवा कुणी केला म्हणून विचारलं. मी आजींकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून मी संक्रांतीनंतर हलवा साठवून ठेवते. आजींनीच मला काटा आणायला शिकवलं, परात किती तापलेली हवी ते तळहाताने दाखवून. रत्नागिरीची एक मैत्रीणही केक करते. तिला हे फोटो पाहून तसेच कपकेक करायचे होते. मी तिला नाही म्हटलं. तिथल्या दमट हवेत कोकोचं आयसिंग चिकट राहील आणि हलव्याला पाणी सुटेल. तिने करायचेच असतील तर जानेवारीत करावेत, आणि हलवा टेबलावर मांडायच्या अगदी आधी लावावा. मेमध्ये तिच्याकडे काय चालेल याचा आम्ही दोघी अजून विचार करतोय. सध्या तरी आमची गाडी भाजलेल्या काजूच्या चिक्कीच्या चुऱ्यावर येऊन थांबली आहे, पण त्या हवेत चिक्कीही किती वेळ कुरकुरीत राहील ते बघायला हवं.