पाच रुपयांची पावती

मार्च २०२१ चा शेवट, करोनाची दुसरी लाट. नाशकात एका खाटेसाठी लोक रात्ररात्र फोन फिरवत होते आणि मेन रोडवर मात्र खरेदीची झुंबड. राज्याच्या नव्या आदेशात विनामास्क ५०० आणि थुंकल्यास १००० रुपये दंड होताच. त्यात नाशिकपुरता आणखी एक नियम आला: गर्दीच्या बाजारात शिरायचं तर माणशी ५ रुपयांची पावती, मुदत एक तास. तास उलटला की ५०० रुपये. मुळाशी कायदा १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. मला हा नियम पटला होता. आजही पटतो.

बॅरिकेडच्या तोंडाशी पावत्या फाडायचं काम माझ्याकडे होतं. वेळ हाताने टाकायची. बाहेर पडताना दुसरा सहकारी ती तपासायचा.

सव्वाबाराच्या सुमाराला तिकडून आवाज चढला. मखमलाबादकडची एक बाई, द्राक्षाच्या बागेत रोजाने जाणारी, मुलीच्या लग्नाची दोन लुगडी घेऊन उभी. पावतीवर १०.४०. म्हणजे तासावर पस्तीस मिनिटं. दंडाची पावती फाडून झाली होती आणि पैसेही घेतले होते. "भाऊ, अकराला तर मी घरून निघाले," ती एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होती. दोन दिवसांचा रोज गेला होता तिचा.

सहकारी म्हणाला, "कागदावर आहे तेच मी वाचणार." त्याचं चुकीचं नव्हतं.

मी पावती हातात घेतली. अक्षर माझं. घामाने कागद मऊ पडला होता. १० मधलं शून्य नीट पाहिलं आणि पोटात गोळा आला. ते शून्य नव्हतंच. घाईत काढलेला एक होता तो. वरचा गोल उमटला होता, खालची शेपटी नाही. बुक उघडलं. स्थळप्रतीवर कार्बनने तोच घोटाळा उतरवलेला, पण तिच्या आधीच्या क्रमांकावर स्वच्छ ११.३८ आणि पुढच्यावर ११.४१.

साहेबांना बोलावलं, बुक दाखवलं. त्यांनी दोन्ही प्रतींवर लाल शाईने 'रद्द' लिहून सही केली आणि पैसे परत दिले. मी माफी मागितली. बाईने नोटा पदरात बांधल्या, जाता जाता वळून विचारलं, "अन् जे भांडले नाहीत, त्यांचं?"

संध्याकाळी हिशेब मिटल्यावर मी दिवसभराच्या दंडाच्या सगळ्या पावत्या माझ्या बुकाशी क्रमांकवार ताडून पाहिल्या. आणखी एक निघाली. तेच बिनशेपटीचं शून्य. त्या माणसाने एक शब्द न बोलता पाचशे भरले होते. पावतीवर आडनाव आणि पुढे नुसतं 'सातपूर'. साहेबांच्या टेबलावर दोन्ही प्रती ठेवल्या, चूक लिहून दिली. पैसे न्यायला कुणी आलं नाही. ५ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर निर्बंध लागले, दुकानंच मिटली आणि बॅरिकेडवरचं ते टेबलही उचललं गेलं.